खडूची सायकल

"चांगली फ्रेम कुठली?" असं कोणी विचारलं की दादूस खुर्चीतून न हलता उलट विचारायचा, "चांगली नवरी कुठली?" गिऱ्हाईक हसायचं. दादूस हसायचा नाही. तो खरोखर उत्तराची वाट बघायचा. उत्तर आलं नाही की तोंड परत रस्त्याकडे. मग गिऱ्हाईक थांबलं काय, गेलं काय, त्याला फरक पडायचा नाही.

माजिवड्यात त्याला सगळे दादूसच म्हणायचे, म्हणजे थोरला भाऊ. मी पहिल्या दिवशी काका म्हणालेले. "काका म्हंजे बापाचा भाव. तुझ्या बापाला मी ओळखत नाय. दादूस म्हन," तो म्हणाला. तोंडावर मी त्याला कायम 'तुम्ही'च म्हणत आले, पण लिहिताना अहो-जाहो करायला गेलं की तो दुसराच कोणी माणूस वाटायला लागतो. म्हणून इथे तो.

हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून त्याची स्वतःची चार मजली इमारत. वर भाडेकरू, खाली सायकलचं दुकान, दुकानापुढे एक लोखंडी खुर्ची. जमीन वाडवडिलांची. दुकान पोटासाठी नव्हतं, त्यामुळे गिऱ्हाईक हाकलणं त्याला परवडायचं. सकाळी सहाला शटर वर, सकाळी अकरालाच खाली. अर्धी पँट, बनियन, गळ्यात जाड सोन्याची चेन आणि दोन्ही हात मनगटापर्यंत काळे. त्याचा बाप खाडीकडच्या मिठागरात राबलेला. दादूसने स्वतः पोरवयात तिथे मीठ ओढलं, मग तीस वर्षं एका कारखान्यात वेल्डिंग केलं. शाळा चौथीपर्यंत.

मिठागर सुटलं तरी मीठ त्याच्या डोक्यातून गेलं नव्हतं. दुकानातल्या फळीवर लोणच्याच्या बरण्या ओळीने मांडलेल्या. कुठल्याही कंपनीचा नवा माल आला की त्यातला एक बोल्ट नाहीतर केबलचा तुकडा मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा आणि बरणीवर खडूने नाव टाकायचा. महिन्याभराने बाहेर काढून अंगठ्याने चोळून बघायचा. "कंपनी काय पन लिवंल. आपन बरणीला विचारायचं," असं म्हणायचा. साध्या लोखंडावर आणि स्टीलवर त्याचा जुना राग. "माझ्या बापाची सायकल मिठानं खाल्ली. तीन वर्सांत. मधली नळी बोटानं दाबली तं बोट आत." हे सांगताना तो दर वेळी बोट पुढे करून दाखवायचा, जणू भोक अजून समोर आहे.

बाकी वेळ खुर्चीत बसून हायवेवरून जाणारे सायकलवाले बघायचा. रविवारी पहाटेपासून झुंडी जातात, रंगीत कपडे, चकाचक सायकली. दादूस सायकलीकडे बघायचाच नाही. "खांदं बग त्याचं, कानाला लागलंत. हा कसाऱ्याच्या आधी परत येनार." किंवा, "घोडा मोठा आनि बसनारा बारीक. दुकानदारानं फसवला." एकदा एक पोलिसवाला साध्या काळ्या सायकलवरून गेला तेव्हा म्हणाला, "ह्याचं लग्न बरोबर लागलंय."

डिस्क ब्रेकवरही त्याचा असाच राग होता. हे मोटरसायकलचं सामान, सायकलला कशाला, असं बरीच वर्षं येईल त्याला सांगायचा. रिमला रबर घासून चाक थांबतं, ते बास. मग एका पावसाळ्यात त्याचंच एक गिऱ्हाईक माळशेजहून उतरत होतं. पाण्यातल्या वाळूने आणि ब्रेकच्या रबराने रिम घासून घासून पातळ केलेली. घाटात ती फाटली. माणूस गटारात पडला म्हणून वाचला, खांदा निखळला. दादूस दवाखान्यात जाऊन त्याला बघून आला आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता शटर खाली ओढून त्याच्यावर बाहेरून, वीतभर अक्षरात, खडूने लिहिलं:

डिस्क नको म्हनलेलो. चुकलो.

आता हे शटर अकरानंतर दुसऱ्या सकाळपर्यंत खाली. सगळ्या माजिवड्याला वाचायला. मी नंतर विचारलं, बाहेर कशाला लिहिता, आत भिंतीवर लिहा. तो म्हणाला, "दुकान उघडं असताना मी हाय ना विचारायला. बंद असताना लोकांना कसं कलनार?" तिथून त्याची ती सवयच झाली. शटरवर मी बऱ्याच गोष्टी वाचल्या. 'मोठा जावई बेकार म्हनलेलो. चांगला निघाला.' हे वाक्य जावयाला आठ दिवस येता-जाता बघावं लागलं. पावसाने पुसलं की परत लिहायचा नाही. पाऊस येईपर्यंतची शिक्षा पुरे, असा त्याचा हिशोब.

मी त्याच्याकडे गेले तेव्हा मला माझी चूक मात्र कोणाला कळायला नको होती.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला लागेल. आमचे आप्पा जुन्नरकडून कल्याणला आले आणि घाऊक बाजारात माथाडी झाले. आमच्या घरात, आणि आप्पांच्या चारही भावांच्या घरात, कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. रसायनशास्त्रात बी.एस्सी., पहिल्या वर्गात. हे मी मुद्दाम सांगते, कारण मला त्याचा अभिमान आहे आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही. आता आम्ही डोंबिवलीला राहतो, तिथेच एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये मी काम करते. कामातला मोठा भाग ब्युरेटवर. उजव्या हातात फ्लास्क हलवत ठेवायचा, डाव्या हाताने काचेच्या नळीची तोटी फिरवून थेंब थेंब सोडायचं. एका थेंबाने रंग बदलतो. तो एक थेंब सोडता आला पाहिजे, दोन नाही.

सायकल मी नोकरी लागल्यावर शिकले आणि शिकले ती सुटलेच. लांब पल्ल्याच्या राइड असतात, ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात, मदतीला गाडी नाही, वाटेत ठिकठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा. एका मोसमात दोनशे, तीनशे, चारशे आणि सहाशे किलोमीटर पुरे केले की त्याला मान. माझे दोनशे, तीनशे झाले. चारशेही झाले, पण खड्ड्यांनी माझी जुनी सायकल आणि माझे हात दोन्ही खिळखिळे केले. घरी आल्यावर डाव्या हाताची शेवटची दोन बोटं माझी राहिली नव्हती. कुडत्याचं बटण लागेना. डॉक्टर म्हणाले, तळहाताच्या कडेची नस सतत दाबली गेली आहे, सहा आठवडे विश्रांती घ्या; पुन्हा असंच केलंत तर मात्र बोटं पूर्ण परत येतील याची खात्री देत नाही.

सोमवारी लॅबमध्ये गेले. एक थेंब सोडायला गेले, धार गेली. फ्लास्क गडद गुलाबी. परत केलं, परत गुलाबी. मग इकडे तिकडे बघून हळूच तोटी उजव्या हाताने फिरवायला लागले. कोणाला सांगितलं नाही. साहेबांना नाही, आप्पांना नाही. सायकल सोडून दिली असती तर प्रश्नच नव्हता, पण सहाशे बाकी होते आणि मोसम संपायला चार महिने. मी ठरवलं, दोष सायकलचा आहे. नवीन फ्रेम घ्यायची.

आणि फ्रेम निवडायची तर शिकलेल्या माणसाने निवडावी तशी. मी एक्सेलमध्ये तक्ता केला. अकरा फ्रेमी, प्रत्येकीची वीस-बावीस मापं, वजन, कार्बन की अॅल्युमिनियम की स्टील, लोकांनी काय लिहिलंय. सगळ्यात वर आली ती कार्बनची, डिस्क ब्रेकवाली, शर्यतीची फ्रेम. उचलली तर रिकाम्या सुटकेसपेक्षा हलकी. तशीच एक तयार सायकल माझ्या मापात दादूसच्या दुकानात टांगलेली आहे असं कळलं, म्हणून मी तक्त्याची प्रिंट काढून माजिवड्याला गेले.

त्याने प्रिंट उलटसुलट बघितली. "मस्त केलंस. ह्यात तू कुठं हायस?"

"म्हणजे?"

"अकरा पोरींची पत्रिका आनलीस. नवरदेवाची कुठं हाय?"

मी जरा तोऱ्यातच सांगितलं की मी बी.एस्सी. आहे, आकडे मला कळतात. त्याला राग आला नाही. "चांगलं झालं. मना नाय कलत इंग्रजी. तू वाच, मी खडू धरतो."

दुकानाची डावी भिंत त्याने शाळेच्या फळ्यासारखी काळी रंगवून घेतलेली. मी कार्बन फ्रेमची मापं वाचत गेले, मिलिमीटरमध्ये, आणि तो पोलादी पट्टी लावून ती सायकल पांढऱ्या खडूने भिंतीवर काढत गेला. पूर्ण आकाराची, जमिनीपासून. चाकांना दोरी आणि खिळा. एक चूक नाही. त्याच्या शेजारी पिवळ्या खडूने तक्त्यातली सातव्या नंबरची फ्रेम काढली, जी मी जवळजवळ खोडलीच होती. स्टीलची, लांब, पुढून उंच. वजनाच्या रकान्यात नापास.

मग सीटच्या उंचीचं स्टूल आणून भिंतीला लावलं. "बस. मुठी हँडलवर."

खडूच्या हँडलखाली त्याने भंगारातला वजनकाटा एका घडवंचीवर ठेवला. मी शर्यतीच्या सायकलवर वाकले, मुठी काट्यावर टेकल्या, काटा सरकला. मग स्टूल पिवळ्या सायकलपाशी नेलं. मी बसले. काटा निम्म्यावर येऊन थांबला.

"हे तुझ्या हातावरचं वजन," तो म्हणाला. "सहाशे किलोमीटर हे घेऊन जानार तू. त्यातनं खड्डा आला की ह्याच्या तिप्पट."

"पण ही स्टीलची आहे. दीड किलो जड."

"ते दीड किलो चाक वाहतंय. हातावरचं तू वाहतेस." मग त्याने खडूने कार्बन फ्रेमच्या मागच्या दोन नळ्यांमधली जागा दाखवली. "हितं अठ्ठावीस एमएमच्या वर टायर जात नाय. पिवलीला अडतीस जातो, वर मडगार्ड. जाडा टायर, कमी हवा. खड्ड्याचं भांडण टायरमदीच मिटतं, हातापर्यंत येत नाय. पूर्वी ब्रेकचा चिमटा टायरच्या डोक्यावर बसायचा, जाडा टायर घालायला जागाच नाय. डिस्क आला, चिमटा खाली आसाकडं गेला. वरची जागा मोकली." जरा थांबून म्हणाला, "हे मना उशिरा कललं."

चहा आला. मी ग्लास उजव्या हातात घेतला आणि डावा मांडीवर ठेवला. दादूस रस्त्याकडे बघत बसलेला. बघता बघताच त्याने खिशातून एक आरा काढला, चाकाची तार असते ती, आणि एक पितळी नट, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं. "ह्ये ह्याच्यावर फिरव. अंगठा आनि शेवटची दोन बोटं. डावा हात."

"कशाला?"

"शिकलेली मानसं आदी करतात का आदी विचारतात?"

नट पडलं. उचललं. परत पडलं. तिसऱ्या वेळी कुठे पडलं ते मला कळलंसुद्धा नाही, कारण ते बोटांत आहे की नाही हेच बोटांना कळत नव्हतं. मी आरा खाली ठेवला. मग सांगितलं सगळं, चारशेचं, डॉक्टरांचं, गुलाबी फ्लास्कचं. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा मोठ्याने बोलले. तो मधे एकदाही हो-हो म्हणाला नाही. शेवटी फक्त म्हणाला, "आदी बोटं. फ्रेम मागून."

सहा आठवडे त्याने मला सायकलला हात लावू दिला नाही. रोज नट फिरवायचं आणि शनिवारी दुकानात येऊन दाखवायचं. पुढे नट बसायला लागलं, दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात का होईना. तेव्हा तो म्हणाला, आता दोघींना पारखू.

त्याची परीक्षेची जागा खडवली. कल्याणहून टिटवाळ्यावरून खडवलीपर्यंतचा रस्ता त्याला पाठ होता, डांबर कुठे संपतं, खडी कुठे सुरू होते, कुठल्या मोरीवर हाडं वाजतात. मी शनिवारी दुकानातून सायकल घेऊन जायची, रविवारी सकाळी डोंबिवलीहून निघायची. तो गाडीने खडवलीला यायचा आणि स्टेशनबाहेरच्या टपरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसायचा. पिशवीत आरा आणि नट. मी पोचले की दम खायच्या आत नट हातात.

पहिल्या रविवारी कार्बनची. उडत गेले असं मला वाटलं. नट तीनदा पडलं. दुसऱ्या रविवारी स्टीलची, जाड टायरवाली, दादूसने तोवर मागवून जोडलेली. फरक घड्याळात पाच मिनिटांचा. नट पहिल्या प्रयत्नात बसलं.

"बगलंस?"

"दादूस, एकेका ट्रायलवरून काही सिद्ध होत नाही. लॅबमध्ये आम्ही तीनदा तरी करतो."

मला वाटलं आता चिडेल. तो उलट खूश झाला. "मग कर परत. मना काय, वडापाव चांगला हाय हितला." तीनदा म्हणजे एकूण सहा रविवार. सहाही रविवार तो माणूस सकाळच्या गाडीने खडवलीला येऊन बसला. निकाल दर वेळी तोच. मी तक्त्यात एक नवा रकाना घातला, 'नट', आणि पहिल्या नंबरची फ्रेम खाली गेली.

गंमत म्हणजे स्टीलवरचा त्याचा राग तसाच होता. "वैऱ्याच्या घरची पोर," तो म्हणाला, "पन तुझ्या हाताला हीच. काय करनार." सायकल मला द्यायच्या आधी त्याने ती पूर्ण उकलली, फ्रेम उलटी-सुलटी करून प्रत्येक नळीच्या आत गंज लागू नये म्हणून जवसाचं तेल फिरवलं, दोन दिवस उन्हात ठेवली, परत फिरवलं. आजही दर मे महिन्यात मला फ्रेम घेऊन जायला लागतं. दुकान आता त्याने बंद केलंय, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तब्येत ठणठणीत आहे. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बसून तेल फिरवतो आणि खालून जाणाऱ्यांच्या खांद्यांवर तिथूनच बोलतो.

सायकल न्यायच्या दिवशी मी आप्पांना घेऊन गेलेले. खरं सांगायचं तर मला धाकधूक होती. आप्पा कोणाशी फार बोलत नाहीत, आणि पोरगी एवढी शिकून सायकलच्या मागे का लागली हे त्यांना कधी उमगलं नव्हतं. ते भिंतीसमोर उभे राहिले, दोन खडूच्या सायकली बघितल्या.

"ही पांढरी का नाही?" त्यांनी विचारलं.

"ओझं हातावर येतंय," दादूस म्हणाला.

आप्पांनी मान डोलावली. "चुंबळ चुकली म्हणायची."

डोक्यावर ओझं घेताना खाली कापडाची गुंडाळी ठेवतात ती चुंबळ. दादूस खुर्चीतून उठला. कोणाला मान द्यायला तो उठताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. "तुमी कुठं? बाजारात? माझा बाप मिठाच्या टोपल्या व्हायचा. भिजल्या चुंबलीनं मान गेली त्याची."

"कोरडी पाहिजे. आणि मध्ये नको, जरा मागं."

"बरोबर. जरा मागं."

दोघं अर्धा तास बोलत उभे होते, मान, खांदा, पाठ, पायाचा अंगठा. माझ्या बावीस रकान्यांत जे कुठेच नव्हतं ते ह्या दोन माणसांना अंगावर माहीत होतं. सायकल टेम्पोत टाकून घरी येताना आप्पा म्हणाले, "माणूस जाणता आहे. त्याचं ऐकत जा." मग खिडकीबाहेर बघत, "आणि हात आधी का नाही दाखवलास?" दादूसने त्यांना बोटांचं सांगितलं होतं. त्यांनी माझा डावा हात घेऊन ती दोन बोटं दाबून बघितली, नारळ बघतात तशी, आणि सोडून दिली.

दादूसचं मी ऐकलं, एक गोष्ट सोडून.

सहाशे पंधरा दिवसांवर आले तेव्हा तो म्हणाला, "ह्या साली नको. हाताला एक वरीस दे. चारशे झालंत ना, बास."

मी म्हणाले, बोटं परत आली आहेत, डॉक्टरांनी तपासून हो म्हटलंय, फ्रेम तुम्हीच दिलीत. लॅबमध्ये तोटी परत डाव्या हाताने फिरवते.

"फ्रेम मी दिली. हात मी दिला नाय. गेला तं परत आनून देता येनार नाय मना."

"मी जाणार."

"जा मग. मना सांगायला येऊ नको."

बोलणं बंद. पंधरा दिवस मी माजिवड्याकडे फिरकले नाही. तो खांदे बघून माणूस ओळखतो, त्याला माझ्या हातात काय दिसलं असेल? पण मोसम संपत होता, आणि डॉक्टर हो म्हणाले होते, आणि मी माझ्या नावाने फॉर्म भरून दिला होता.

शनिवारी सकाळी सहाला ठाण्याहून सुटलो. रस्ता माजिवड्यावरूनच. तो खुर्चीत होता. मी हात वर केला. त्याने मान वळवली आणि समोरच्या झाडाकडे बघत राहिला. कसाऱ्यापर्यंत मला त्याचाच राग येत होता, आणि त्या रागात चढण कधी संपली ते कळलं नाही.

राइडचं फार सांगण्यासारखं नाही, आणि तेच सांगण्यासारखं आहे. खड्डे होते, खडी होती, धुळ्याच्या दिशेला एका जागी रस्ताच उकरून ठेवलेला. जाड टायर कुरकुर न करता त्यावरून गेले. परत येताना कसारा घाट उतरायला घेतला तेव्हा दीड दिवसाचा थकवा हातात होता, पण डिस्कला एक बोट पुरतं. जुन्या सायकलवर घाटात मी अख्खी मूठ आवळून ब्रेक धरायची. आता पहिलं बोट ब्रेकवर आणि बाकीची हँडलवर नुसती ठेवलेली, कामावरून सुटल्यासारखी.

जर्सीच्या मागच्या खिशात आरा आणि नट होतं. जिथे जिथे कार्डावर शिक्का घेतला तिथे तिथे उभं राहून नट फिरवलं. बरोबरचे लोक बघायचे. एकाने विचारलं, नवस आहे का ताई. मी हो म्हणून सांगितलं. शेवटचा शिक्का पडघ्याला. नट पडलं, धुळीत गेलं. गुडघ्यावर बसून शोधलं, पुसलं, अंगठा आणि शेवटची दोन बोटं. बोटांना पितळ लागलं, थंड, त्याचे कंगोरे लागले. एक वळसा, दोन वळसे. बसलं. मी तिथेच रस्त्याच्या कडेला पाण्याच्या बाटलीवर डोकं टेकून थोडी रडले, मग ठाण्याला आले. अडतीस तास. चाळीसची मुदत होती. कार्डावर सही केली, डाव्या हाताने कार्ड धरून.

तिथून घरी जायचं ते माजिवड्याला गेले. रविवारची रात्र, दुकान बंद असणार हे माहीत होतं. शटर खाली होतं आणि त्याच्यावर वीतभर अक्षरात लिहिलेलं:

डोंबिवलीच्या पोरीला सहाशे नको म्हनलेलो. चुकलो.

मी सायकल धरून वाचत उभी राहिले. जिन्यावरून चपलांचा आवाज आला, बनियनवर टॉवेल टाकून तो खाली आला.

"तुम्हाला कोणी फोन केला?"

"कोन करनार मना फोन?"

"मग हे कधी लिहिलंत?"

"काल. अकराला, शटर वडताना. तू गेलीस ना हितनं सकाली. खांदं बगलं. सैल व्हतं."

"बघितलं नाहीत तुम्ही. झाडाकडे बघत होतात."

"झाडाकडं बगताना दिसत नाय काय बाकीचं?"

"आणि मी अर्ध्यातनं परत आले असते तर? हात गेला असता तर?"

"पुसलं असतं," तो म्हणाला. "खडू हाय गो तो." पण हे म्हणताना तो माझ्या हाताकडे बघत होता, आणि टॉवेलने उगाचच मान पुसत होता.

मी खिशातून आरा काढला आणि त्याच्यासमोर नट फिरवलं. पहिल्या फटक्यात. त्याने एक मोठा श्वास सोडला, गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या भाडेकरणीने वळून बघितलं इतका मोठा. मग तो खाली बसला, वरच्या नळीवरून अंगठा फिरवला आणि अंगठा उजेडात धरला. पांढरी पूड होती.

"घामाचं मीठ," तो म्हणाला. "आदी हिला धू. मग झोप."